प्लॉट : एक शब्द, अनेक अर्थ

(द्वितीय वर्ष कला)

इंग्रजी भाषेतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी करायला बसले तर वहीची पाने पुरणार नाहीत. टेबल, स्टेशन, तिकीट, डॉक्टर, पेन हे शब्द आता परके वाटतही नाहीत. यांतील बहुतेक शब्द आपल्याबरोबर एखादी नवी वस्तू घेऊन आले. आगगाडी आली म्हणून स्टेशन आले, आणि स्टेशन आले म्हणून तिकीट आले. पण काही शब्दांची गोष्ट वेगळी आहे. ते ज्या वस्तूचे नाव सांगतात ती वस्तू आपल्याकडे पूर्वापार होती, तिला आपली स्वतःची नावेही होती. तरीही नवा शब्द आला आणि जुन्या नावांना त्याने हळूहळू बाजूला सारले. 'प्लॉट' हा असाच एक शब्द आहे. जमीन आपल्याकडे नव्हती असे कोण म्हणेल? परंतु नवी मुंबईत आज 'जमीन' हा शब्द क्वचित आणि 'प्लॉट' हा शब्द पावलोपावली ऐकू येतो.

मी या शब्दाचा विचार करू लागले त्याचे कारण आमच्या वेळापत्रकातच आहे. इंग्रजीच्या तासाला 'प्लॉट' म्हणजे कादंबरीचे कथानक. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि किंमत यांचे आकडे आलेखावर 'प्लॉट' करायचे. आणि संध्याकाळी घरी ओटीवर चार माणसे जमली की विषय एकच, कोणाचा प्लॉट कोणत्या सेक्टरमध्ये निघाला. एका दिवसात एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी भेटतो. हे अर्थ एकमेकांचे कोण लागतात, मराठीने त्यांतला कोणता अर्थ घेतला व कोणता सोडला, आणि आपल्या परिसरात या शब्दाच्या पोटात काय काय साठले आहे, ते पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम इंग्रजीकडे वळू. 'प्लॉट' हा इंग्रजीतील फार जुना शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ जमिनीचा लहानसा तुकडा, एवढाच. भाजीपाल्याचा वाफा, घरामागची मोकळी जागा, कबरीसाठी राखलेली जागा, या सर्वांना इंग्रज माणूस आजही प्लॉट म्हणतो. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. जमिनीचा तुकडा मोजायचा म्हणजे त्याचा नकाशा काढावा लागतो. त्या काळी नकाशाला 'प्लॅट' असा एक जवळचा शब्द होता, आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. त्यामुळे जमिनीवरच्या तुकड्याचे नाव कागदावरच्या आराखड्याला लागले. जागेचा आराखडा म्हणता म्हणता कामाचा आराखडा, आणि चोरून केलेला कामाचा आराखडा म्हणजे कट, असा अर्थ पुढे सरकत गेला. फ्रेंच भाषेत कटाला 'कॉम्प्लॉट' म्हणतात. त्या शब्दाचाही येथे हातभार लागला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. १६०५ साली लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीखाली बंदुकीच्या दारूची पिंपे रचून राजा पहिला जेम्स याला उडवून देण्याचा बेत उघडकीस आला. तो इतिहासात 'गनपावडर प्लॉट' या नावाने ओळखला जातो.

यानंतर हा शब्द नाटकवाल्यांच्या हाती गेला. नाटकातील घटनांची आखणी तीही प्लॉटच. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या सहा घटकांत ज्याला पहिले स्थान दिले त्या 'मुथॉस' या ग्रीक शब्दाचे इंग्रजी भाषांतर 'प्लॉट' असे केले जाते, आणि आपल्या मराठी समीक्षेत त्यालाच 'संविधानक' किंवा 'कथानक' म्हणतात. गणिताने व शास्त्राने हाच शब्द आलेखावर बिंदू मांडण्यासाठी घेतला. म्हणजे जमीन, नकाशा, बेत, कट, कथानक आणि आलेख अशी ही सहा ठिकाणांची वाट आहे, आणि ती वाट जमिनीपासून सुरू होते.

हा प्रवास वरवर पाहता विचित्र वाटतो. पण आपल्या मराठीतील एक साधे क्रियापद घेतले तर त्यातील विचित्रपणा नाहीसा होतो. ते क्रियापद म्हणजे 'आखणे'. घर बांधण्यापूर्वी आपण जागा आखून घेतो. सरकार योजना आखते. आणि शत्रू डाव आखतो. एकच रेघ जमिनीवरून कागदावर, कागदावरून मनात आणि मनातून कारस्थानात जाते. इंग्रजांनी हे काम नामाकडून करून घेतले, आपण क्रियापदाकडून घेतले, एवढाच काय तो फरक. जो जमीन मोजतो त्याच्या हाती सत्ता असते, हे दोन्ही भाषांना फार पूर्वीच उमगले असावे, असे वाटल्यावाचून राहात नाही.

आता मराठीने यातून काय घेतले ते पाहू. कटाला आपल्याकडे 'कट' हा नेटका शब्द आहे, त्याच्या जोडीला डाव, कारस्थान, मसलत हे शब्द आहेत. म्हणून 'त्याने माझ्याविरुद्ध प्लॉट केला' असे कोणी म्हणत नाही. कथानकासाठी शब्द आहे. फक्त सिनेमाविषयी बोलताना तरुण मंडळी 'पिक्चरचा प्लॉट भारी आहे' असे म्हणतात. आलेखाचा अर्थ वर्गाबाहेर पडत नाही. घरोघरी गेला तो फक्त जमिनीचा अर्थ. मौज अशी की, जो अर्थ व्यक्त करण्यासाठी मराठीजवळ सर्वांत जास्त शब्द होते, त्याच अर्थाने हा पाहुणा येऊन राहिला.

आणि तो नुसता येऊन राहिला नाही, तर त्याने येथील क्रियापदांशी सोयरीक केली. शेताचे लहान लहान भाग करून विकायला काढले म्हणजे 'प्लॉट पाडले'. सोडतीत नाव आले म्हणजे 'प्लॉट लागला' किंवा 'प्लॉट निघाला'. या सबंध व्यवहाराला 'प्लॉटिंग' म्हणतात, आणि शेतसारा सुटून बिनशेती झालेला तुकडा 'एन.ए. प्लॉट' होतो. कोपऱ्यावरचा असला तर 'कॉर्नर प्लॉट', त्याचा भाव जास्त. व्याकरणाच्या दृष्टीनेही एक गोष्ट लक्षात येते. मराठीत पूर्ण मुरलेल्या परक्या शब्दांचे सामान्यरूप होते. आपण 'टेबलावर' म्हणतो, 'स्टेशनात' म्हणतो. पण सुशिक्षित माणूस 'प्लॉटवर' असेच म्हणतो, 'प्लॉटावर' म्हणत नाही. म्हणजे शब्द अजून थोडा ताठ आहे. माझी आजी मात्र त्याला 'पलाट' म्हणते, आणि तिच्या तोंडी इमारत 'पलाटाव' उभी राहते. ज्या पिढीला हा शब्द सर्वांत परका, तिनेच त्याला सर्वांत जास्त मराठी करून टाकले आहे.

शब्द एकच असला तरी अवघ्या महाराष्ट्रात त्याचा अर्थ एक नाही, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आमच्या वर्गात तासगावकडचा एक विद्यार्थी आहे. एकदा कँटीनमध्ये तो म्हणाला, ''यंदा आमचा प्लॉट झकास आला आहे.'' घणसोलीच्या आमच्या एका मैत्रिणीने लगेच विचारले, ''कुठल्या सेक्टरला?'' तो गोंधळला. ''सेक्टर कसला? प्लॉट द्राक्षाचा. परवा औषध मारून आलो.'' सांगली, नाशिक, सोलापूर या भागांत बागाईतदार शेतकरी द्राक्षाच्या बागेला, डाळिंबाच्या बागेला, टोमॅटोच्या उभ्या पिकालाही प्लॉट म्हणतात. त्यांच्या प्लॉटला पाणी द्यावे लागते, त्यावर रोग पडतो, त्याला घड लागतात. ज्याच्यावर पीक उभे आहे तो तिकडे प्लॉट, आणि ज्याच्यावर पुन्हा कधीही पीक उभे राहणार नाही तो आमच्याकडे प्लॉट. त्या दोघांच्या संभाषणाला सगळे हसले. पण मूळ इंग्रजी अर्थाशी अधिक इमान कोणी राखले असेल तर ते तासगावच्या शेतकऱ्याने, असे शब्दकोश पाहिल्यावर म्हणावे लागते.

मग नवी मुंबईत या शब्दाला हा अर्थ कसा आला? त्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

मुंबई बेट माणसांना अपुरे पडू लागले तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. १९६५ साली ती 'मार्ग' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शासनाने ती कल्पना उचलून धरली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरविण्यात आला. एकूण क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. जमीन घेण्यासाठी आधार होता तो १८९४ सालच्या भूसंपादन कायद्याचा. या कायद्याने सार्वजनिक कामासाठी जमीन घ्यायची तर मालकाची संमती लागत नसे. मोबदला मात्र द्यावा लागे.

नकाशात हा प्रदेश रिकामा दिसत असेल, पण तो रिकामा नव्हता. आगरी, कोळी, कराडी आणि इतर समाजांची गावे येथे होती. खाडीचे खारे पाणी मातीचे बांध घालून अडवायचे, बांधाला उघाडी ठेवून भरती-ओहोटी सांभाळायची, आणि पावसाच्या गोड्या पाण्यावर भात काढायचे, ही खारभूमीची शेती पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. शिवाय मिठागरे होती, मासेमारी होती. बांध फुटला तर साऱ्या गावाने मिळून तो बांधायचा असा रिवाज होता, कारण खारे पाणी एकाच्या शेतात शिरले की सर्वांच्या शेतात शिरणार. अशा जमिनीचा तुकडा एकट्याचा असूनही एकट्याचा नसे.

मिळणारा मोबदला अपुरा आहे आणि जमीन गेल्यावर पुढच्या पिढ्यांनी जगायचे कसे, या प्रश्नावर शेतकऱ्यांचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेते होते जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. दरवर्षी जानेवारीत त्यांना तेथे अभिवादन केले जाते. या लढ्यातून पुढे जे तत्त्व मान्य झाले ते असे : संपादन केलेल्या जमिनीच्या काही टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत द्यायची. १९९० साली साडेबारा टक्क्यांची योजना आली, १९९४ साली तिच्यात सुधारणा झाली. पुढे २०१४ साली विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांकरिता साडेबावीस टक्क्यांची योजना आली.

आमच्याकडे 'प्लॉट' म्हणतात तो हा. तो नुसता जमिनीचा तुकडा नाही. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत आलेला तो तुकडा आहे. 'साडेबारा टक्के' हे दोन शब्द आमच्या गावांत गणिताचे राहिलेच नाहीत. ते एका वस्तूचे विशेषनाम झाले आहे. ''त्यांचे साडेबारा टक्के आले का?'' असे विचारले की लहान मुलालाही कळते.

हे गणित एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे, सुमारे ५०६ चौरस मीटर. परंतु या साडेबारापैकी पावणेचार टक्के जमीन रस्ते व सामाजिक सोयींसाठी वजा होते. उरले पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. या तुकड्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक धरला तर सुमारे ५३१ चौरस मीटर बांधकाम होऊ शकते, आणि त्यातील १५ टक्क्यांपर्यंत दुकानांसाठी वापरता येते. आता चार भाऊ आणि तीन बहिणी यांच्यात हा साडेतीन गुंठ्यांचा हिशेब मांडा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा गुंठा येतो. अर्ध्या गुंठ्यावर वेगळे घर बांधता येत नाही. म्हणून मग बांधकाम व्यावसायिक येतो, तो इमारत बांधतो, आणि घरातील माणसांना काही फ्लॅट मिळतात. प्लॉट आणि फ्लॅट हे दोन शब्द आमच्याकडे जोडीनेच ऐकू येतात, ते यामुळे.

प्लॉट शब्दाभोवती इतरही काही शब्द जमले आहेत, आणि ते नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे. पहिला शब्द 'फाईल'. प्लॉट प्रत्यक्ष हातात येण्यापूर्वीच त्यावरचा हक्क विकला जातो, त्याला 'फाईल विकली' म्हणतात. शेत विकताना माणूस बांधावर उभा राहून विकत असे. फाईल विकताना बांध नसतो, समोर जागा नसते, फक्त कागद असतो. दुसरा शब्द 'ट्रायपार्टी', म्हणजे त्रिपक्षीय करार : देणारा, घेणारा आणि महामंडळ. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'लीज', म्हणजे भाडेपट्टा. साडेबारा टक्क्यांचे भूखंड मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. मुदत वाढविण्यासंबंधी पुढे निर्णय झाले, तो वेगळा विषय. परंतु शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, आपण 'आमचा प्लॉट' म्हणतो तेव्हा 'आमचा' या शब्दाचा अर्थ 'आमचे शेत' मधील 'आमचे' या शब्दाइतका भक्कम नसतो. सातबाऱ्यावर नाव असणे आणि भाडेपट्ट्यावर नाव असणे यांत अंतर आहे. हे अंतर 'प्लॉट' हा शब्द सांगत नाही, उलट झाकून टाकतो.

चौथा शब्द मराठीच आहे : 'हक्कसोड'. शेत होते तोपर्यंत माझी आत्या भात झोडून झाले की माहेरी येई, चार दिवस राही आणि जाताना तांदळाचे बोचके घेऊन जाई. तिचा वाटा किती, असे कोणी विचारले नाही आणि तिनेही मागितले नाही. प्लॉट येणार असे ठरले तेव्हा वारसांची यादी झाली, त्यात तिचे नाव प्रथमच कागदावर आले, आणि त्याच आठवड्यात ते कागदावरून काढण्यासाठी हक्कसोड पत्राची तयारी झाली. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. आमच्या आत्याने सही केली. ती आजही येते, पण आता दुपारी येते आणि संध्याकाळी परत जाते. अशा सह्या अनेक घरांत झाल्या आहेत. कोणी खुशीने केल्या असतील, कोणी भाऊबीज तुटू नये म्हणून केल्या असतील. भात वाटता येते, प्लॉट मात्र मोजावा लागतो, आणि मोजायला लागले की नाती हिशेबात येतात.

शासकीय मराठीत प्लॉटला 'भूखंड' म्हणतात. या शब्दाचीही गंमत आहे. भूगोलाच्या पुस्तकात भूखंड म्हणजे गोंडवनासारखा प्रचंड भूभाग, आणि जाहिरातीत भूखंड म्हणजे चाळीस चौरस मीटरची जागा. वर्तमानपत्रांनी 'भूखंडाचे श्रीखंड' असा शब्दप्रयोग रूढ केला, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. म्हणजे पाहा, इंग्रजीत प्लॉट या शब्दाला जमीन आणि कट हे दोन अर्थ आहेत; आपण कटाचा अर्थ घेतला नाही म्हणावे, तर तो श्रीखंडाच्या वाटेने मागच्या दाराने आत आलाच!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येते. गाव नमुना सात, म्हणजे सातबाऱ्यातील सात, आपण पाहिला असेल. त्यात भूमापन क्रमांक असतो, भूधारणा पद्धती असते, भोगवटादाराचे नाव असते. आणि त्यातच एक रकाना असतो : 'शेताचे स्थानिक नाव'. सरकारी कागदाने शेताला नाव असू शकते हे मान्य केले आहे आणि त्यासाठी जागा सोडली आहे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. अनेकदा तो रकाना कोराच असतो हा भाग निराळा. प्लॉटच्या कागदावर नोडचे नाव असते, सेक्टरचा क्रमांक असतो, प्लॉटचा क्रमांक असतो, चौरस मीटर असतात. नावाचा रकाना नसतो. प्लॉटला नाव नसतेच, क्रमांक असतो.

शेतांना मात्र नावे होती, आणि ती कोणी बसून ठेवलेली नव्हती. आमच्या घरच्या शेतांची नावे मी आजीला विचारली. धाकटी खार, मोठी खार, चिंचेची खाचरे, उघाडीकडचा तुकडा, आईचा तुकडा. 'आईचा तुकडा' म्हणजे काय, असे विचारल्यावर तिने सांगितले की, माझ्या पणजीने आपले चांदीचे वाळे मोडून तो घेतला होता. म्हणजे ज्या घरात मुलींच्या वाट्याचा शब्द कधी निघाला नाही, त्या घरात एका बाईने घेतलेली जमीन होती, आणि ही गोष्ट कोठल्याही कागदात नाही, ती फक्त त्या तुकड्याच्या नावात होती. तुकडा गेला, नाव उच्चारण्याचे प्रसंग संपले, आणि आजीनंतर ते सांगणारे कोणी नाही. माझ्या वडिलांना पाचांपैकी तीन नावे आठवली. माझ्या भावाला एकही माहीत नव्हते. त्याला प्लॉटचा क्रमांक पाठ आहे.

येथे इंग्रजीच्या तासाला शिकलेली एक गोष्ट उपयोगी पडते. ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकाराने १९२७ सालच्या 'ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या पुस्तकात कथा आणि कथानक यांत भेद केला आहे. कथेत घटना एकामागून एक येतात. कथानकात त्या एकीमुळे दुसरी अशा येतात. 'आणि मग' ही कथेची भाषा, 'म्हणून' ही कथानकाची भाषा. या कसोटीवर आपल्या शहराची माहिती तपासून पाहा. आधी येथे खाडी होती, आणि मग दलदल होती, आणि मग सुंदर शहर झाले, असे सर्रास सांगितले जाते. ही कथा झाली, हिच्यात 'म्हणून' नाही. मुंबई अपुरी पडली म्हणून जमिनी घेतल्या गेल्या, मोबदला पुरेना म्हणून आंदोलन झाले, माणसे गेली म्हणून साडेबारा टक्के मिळाले, आणि ते उशिरा व थोडे मिळाले, कुटुंबे वाढत गेली, म्हणून गावठाणाच्या कडेला लोकांनी घरे बांधली. या घरांना एका बाजूने 'अनधिकृत' म्हणतात, आणि गावकरी 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. 'गरजेपोटी' हा एकच शब्द किती मोठा 'म्हणून' पोटात घेऊन आला आहे! आपल्या बोलीतून असा शब्द अजून निघू शकतो, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रत्येक प्लॉटमागे एक प्लॉट असतो, एवढाच याचा अर्थ.

इंग्रजीत आणखी एक वाक्प्रचार आहे, प्लॉट हरवणे. भान सुटणे, चाललेल्या गोष्टीचा धागा हातून निसटणे, असा त्याचा अर्थ. आमच्या गावात प्लॉट हरवला म्हणजे कागद गहाळ झाला असे समजतील. पण खरा धोका इंग्रजी अर्थाचाच अधिक आहे.

कोणी म्हणेल की, जुन्या नावांनी पोट भरत नाही. हे खरेच आहे. प्लॉट मिळाला म्हणून आमच्या गावातील कित्येक घरांना पक्की छपरे आली, आजारपणे निभावली, आणि माझ्यासारख्या मुली घरातून प्रथमच कॉलेजात आल्या. तेव्हा प्लॉट शब्दाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तो शब्द आता आपला आहे, त्याला 'पलाट' म्हणून घरात घेणाऱ्या आज्यांचा तर तो आहेच. माझे म्हणणे इतकेच की, हा शब्द वापरताना त्याने काय आणले आणि काय नेले, दोन्ही आपल्याला ठाऊक असावे. लीज म्हणजे काय, फाईल म्हणजे काय, हक्कसोडीवर सही केल्याने काय होते, हे सही करण्यापूर्वी समजावे. आणि गेलेल्या शेतांची नावे निदान लिहिलेली असावीत.

हे काम कठीण नाही. आपल्या कॉलेजात ९५ गावांपैकी कित्येक गावांचे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून शेतांची, बांधांची, उघाड्यांची, मिठागरांची नावे आणि त्या नावांमागची हकिगत एका कागदावर उतरवून आणली, तर वर्षभरात एक चांगला संग्रह तयार होईल. विचारणे मात्र याच वर्षी हवे, कारण सांगणारी माणसे ऐंशीच्या पुढची आहेत. मी ही विनंती मराठी विभागातील प्राध्यापकांना केली असून त्यांनी नावे जमा करण्यासाठी एक वही विभागात ठेवण्याचे कबूल केले आहे. वहीत रकाने चार आहेत : गाव, शेताचे नाव, नावाची हकिगत, सांगणाराचे नाव व वय. पहिल्या पानावर आमच्या घरची पाच नावे लिहिली आहेत. पुढची पाने मोकळी आहेत.